बीएमडब्ल्यूच्या फॉर्म्युला वन टर्बो इंजिनात जुन्या गाड्यांचे बिडाचे ब्लॉक का वापरले? नवे ओतायला पैसे नव्हते का?

पैशाचा काही संबंध नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात मी अकरा वर्षं बोअरिंग मशिनवर काढली आहेत, म्हणून लिहितोय.

ते इंजिन एम१२/१३, म्हणजे दीड लिटर, चार सिलिंडर, एकच टर्बो (सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंप). ब्लॉक रस्त्यावरच्या बीएमडब्ल्यूचाच. बीएमडब्ल्यूचे इंजिनिअर पॉल रोश यांच्या या इंजिनावर १९८३ मध्ये ब्रॅबम संघाचा नेल्सन पिके जगज्जेता झाला. टर्बोवर जिंकलेलं ते ड्रायव्हरचं पहिलं विजेतेपद. जुने, भरपूर धावलेले ब्लॉक मुद्दाम निवडत. ओतकाम निवताना पातळ भाग आधी थंड होतो, जाड मागाहून, आणि ताण आत अडकून बसतो. ताज्या ब्लॉकची वरची कातडी मशिनवर निघाली की तो सुटतो आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचं गोल भोक, वाकडा होतो. वर्षानुवर्षं तापून-निवून झालेला ब्लॉक आता हलत नाही.

आमच्याकडे एकदा फाउंड्रीतून ब्लॉक आले ते हाताला अजून कोमट लागत होते. मी मालकांना म्हटलं, थोडे दिवस आवारात पडू द्या. "बीड काय लोणचं आहे मुरायला?" म्हणाले. काम उरकलं. संध्याकाळी बोअर गेज फिरवला, काटा जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी तोच गेज, तोच बोअर, आणि काटा चार शतांश मिलिमीटर इकडून तिकडे. सहा ब्लॉक बाद. 'तुझा हात हलला' म्हणून पैसे माझ्या पगारातून कापले.

आणि त्या बिडाने काय सोसलं बघा. १९८६ ला पात्रता फेरीत पाच बारच्या वर बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब), १,३०० अश्वशक्तीच्या आसपास. हेच इंजिन असलेल्या बेनेटनच्या तेओ फाबीने ऑस्ट्रिया आणि मोन्झा, दोन्हीकडे पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली. बीड कमअस्सल म्हणणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत.

अर्थात तेवढी ताकद मोजक्या फेऱ्यांपुरती. शर्यतीत बूस्ट बराच कमी ठेवत. बीड जड असतं हेही खरं, आणि १९८४ ते ८६ ड्रायव्हरची सलग तीन विजेतेपदं टॅग-पोर्शे इंजिनाच्या ॲल्युमिनियम ब्लॉकने नेली. नुसतं आवारात ठेवूनही सगळा ताण जात नाही. भट्टीत साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवून सावकाश निववणं हाच पक्का उपाय. ते मालकांना परवडत नव्हतं, असं नाही.

तुमचं वर्कशॉप असेल आणि बोअर ओव्हल निघाला, तर आधी ओतकाम कुठल्या तारखेचं ते बघा. ऑपरेटरला मग बोलवा.