स्लीव्ह की मिनी बायपास? दोन सर्जन दोन मतं देतात तेव्हा

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडते. वय ४४, उंची ५ फूट ३ इंच, वजन ९८ किलो, आठ वर्षांपासून डायबेटीस, गेल्या वर्षी इन्सुलिन सुरू झालं, गुडघ्यांसाठी जवळजवळ रोज वेदनाशामक गोळी, आणि रात्री आडवं झालं की घशाशी आंबट पाणी. वजन उतरवण्याच्या ऑपरेशनसाठी एक सर्जन स्लीव्ह (जठर कापून अरुंद करणं) करा म्हणतात, दुसरे मिनी बायपास (जठर लहान करून आतड्याचा काही भाग वगळणं). आणि तुमचा प्रश्न: कशाने जास्त वजन उतरतं?

मी सर्जन नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या टीममध्ये आहारतज्ज्ञ आहे. ऑपरेशन होऊन चार-पाच वर्षं झालेली माणसं तक्रारी घेऊन येतात ती माझ्यासमोर. त्या खुर्चीतून मला जे दिसतं ते असं: किलोंवरून निवड करू नये. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वजनाची नाहीच, ती रात्रीच्या आंबट पाण्याची आहे.

किलोंचा फरक लोकांना वाटतो तेवढा मोठा नसतो. फिनलंडमध्ये २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं स्लीव्ह आणि बायपास (मिनी नव्हे, जुन्या पद्धतीचा रू-एन-वाय) अशा दोन गटांत वाटलं आणि दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. जास्तीच्या वजनापैकी स्लीव्हमध्ये साधारण ४३.५ टक्के उतरलेलं राहिलं, बायपासमध्ये ५०.७ टक्के. म्हणजे बायपास पुढे आहे, पण थोडाच. मात्र त्याच रुग्णांची दहा वर्षांनी एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) केली, तेव्हा अन्ननलिकेला अ‍ॅसिडने सूज आलेले स्लीव्हमध्ये ३१ टक्के निघाले आणि बायपासमध्ये ७ टक्के. स्वित्झर्लंडच्या अशाच अभ्यासात पाच वर्षांनी वजनाचं माप दोन्हींकडे जवळपास सारखं होतं, पण आधीपासून अ‍ॅसिडिटी असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर जवळजवळ एक तृतीयांश लोकांची ती आणखी वाढली.

याचं कारण सोपं आहे. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः ज्या वरच्या फुगीर भागात तयार होतं तोच भाग जातो, म्हणून सुरुवातीला भूक खरोखर मरते. पण अरुंद नळीत दाब वाढतो, आणि दाब वाढला की आतलं वर येतं. काढलेला भाग परत बसवता येत नाही. पुढे त्रास फारच वाढला तर स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करता येतं, पण ते दुसरं ऑपरेशन, दुसरी भूल, दुसरा खर्च.

म्हणून कुठल्याही कागदावर सही करण्याआधी एंडोस्कोपी करून घ्या. अन्ननलिकेला सूज आहे का, जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला आहे का (याला हर्निया म्हणतात), हे त्यात कळतं. हर्निया छोटा असेल तर काही सर्जन तो त्याच वेळी शिवून स्लीव्ह करतात. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, पण तुमचा त्रास रोजचा असेल आणि रिपोर्टमध्ये सूज दिसली, तर माझ्या मते स्लीव्ह यादीत खाली जायला हवं.

आता मिनी बायपास. यात जठराची लांबट पिशवी करून ती लहान आतड्याला एकाच ठिकाणी जोडतात. एकच जोड असल्यामुळे ऑपरेशन तुलनेने लवकर होतं, आपल्याकडे ते बरंच चालतं, आणि वजन व साखर दोन्हींवर ते चांगलं काम करतं. पण आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो, आणि किती वगळला यावर पुढचं सगळं ठरतं. फ्रान्समधल्या एका अभ्यासात २०० सेंटीमीटर वगळले होते. दोन वर्षांनी वजन जुन्या पद्धतीच्या बायपासइतकंच उतरलं, पण कुपोषणाच्या तक्रारी मात्र मिनीमध्येच जास्त निघाल्या. तेव्हा दुसऱ्या सर्जनना सरळ विचारा, ‘माझ्यात किती सेंटीमीटर बायपास करणार?’ उत्तर १५० च्या आसपास आहे की २०० च्या वर, यात, तुम्ही शाकाहारी असाल तर, बराच फरक आहे. प्रोटीन रोज किमान ६० ग्रॅम लागतं, आणि एका वेळी अर्धी वाटी जेवण जात असताना वरण, ताक, पनीर, सोयाबीन यांतून ते भरून काढणं सोपं नसतं. अंडी खात असाल तर माझं काम निम्मं होतं.

मिनीचा दुसरा मुद्दा पित्ताचा. जोडणी अशी असते की पित्तरस जठराच्या पिशवीत येऊ शकतो. सगळ्यांना त्रास होत नाही, पण ज्यांची अन्ननलिका आधीच भाजलेली आहे त्यांच्यासाठी हा धोका मोजायला हवा. म्हणून तुमच्याशी कुणीच न बोललेला तिसरा पर्याय विचारा: रू-एन-वाय बायपास. यात छोटीशी पिशवी, दोन जोड, आणि पित्ताची वाट वेगळी केलेली असते. आंबट पाण्यासाठी या तिघांत हाच सगळ्यात भरवशाचा.

पण एक अडचण आहे आणि ती तुमच्या गुडघ्यांत आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन जातीच्या गोळ्या बायपासनंतर बंद कराव्या लागतात. जोडाच्या जागी अल्सर होतो, कधी फुटतोही. तंबाखू आणि मिश्रीचंही तेच. मिश्री लावत असाल तर सर्जनना आत्ताच सांगा, बायका हे सांगायचं टाळतात. गुडघ्यांसाठी दुसरं काय चालेल हे ऑर्थोपेडिक डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या. रोजची वेदनाशामक सुटणं शक्यच नसेल, तर सर्जन पुन्हा स्लीव्हकडे वळू शकतात, आणि तो विचार चुकीचा नसेल.

साखरेबद्दल अपेक्षा थोडी आवरा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात पाच वर्षांनी एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप) ६ किंवा त्याखाली होतं बायपासच्या २९ टक्के, स्लीव्हच्या २३ टक्के आणि फक्त औषधांवरच्या ५ टक्के रुग्णांत. डायबेटीस जितका जुना आणि इन्सुलिनवर गेलेला, तितका तो पूर्ण सुटण्याची शक्यता कमी. सी-पेप्टाइडची रक्ततपासणी केली तर स्वादुपिंडात अजून किती दम आहे याचा अंदाज येतो. इन्सुलिन सुटलं नाही तरी बहुतेकांचा डोस चांगला उतरतो.

गोळ्या तर कायमच्या. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि वर्षातून किमान एकदा रक्ततपासणी. स्लीव्हमध्ये एखाद्याने कंटाळा केला तर काही काळ निभावतं, बायपासमध्ये निभावत नाही. घरच्यांनाही हे ऐकवा, कारण दोन वर्षांनी ‘आता बरी दिसतेस, कशाला एवढ्या गोळ्या’ असं तेच म्हणतात. पहिल्या महिन्यांत सतत उलट्या झाल्या तर घरी थांबू नका, बी-१ कमी पडून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. बायपासनंतर श्रीखंडाचे चार चमचेही धडधड, घाम आणि पोटात कळ आणू शकतात. काहीजणी याला शिक्षा म्हणतात, काहीजणी राखणदार. उपवासाची साबुदाण्याची खिचडीही त्याच रांगेत.

बाकीच्या पर्यायांवर फार वेळ घालवू नका. बँड (जठराभोवती बसवायचा पट्टा) आता मागे पडला आहे, सरकणं-रुतणं आणि पुन्हा ऑपरेशन यामुळे. बलून (जठरात ठेवायचा फुगा) काही महिन्यांपुरताच असतो. वजन उतरवणारी इंजेक्शनं मात्र खरा पर्याय आहेत: टिर्झेपटाइडने डायबेटीस नसलेल्यांत साधारण दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत उतरल्याचं दिसलं आहे, डायबेटीस असलेल्यांत त्याहून कमी, पण बंद केली की वजन परत येऊ लागतं. इन्सुलिन घेत असताना ती आपल्या मनाने सुरू करू नका, साखर खाली जाऊ शकते. डायबेटीसच्या डॉक्टरांना विचारूनच.

पैशांचं. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३८ च्या आसपास येतो. भारतीय निकषांत (एकट्या लठ्ठपणासाठी ३७.५, सोबत आजार असेल तर ३२.५) तुम्ही बसता. विमा नियामकाचा निकष वेगळा आहे: ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत गंभीर आजार, त्यात आटोक्यात न येणारा डायबेटीस धरलेला आहे, शिवाय साधे उपाय करून झाले असले पाहिजेत. म्हणजे तुमचा दावा डायबेटीसवर उभा राहील, वजनावर नाही. मागच्या दोन-तीन वर्षांचे एचबीएवनसीचे रिपोर्ट, इन्सुलिन सुरू केल्याची चिठ्ठी आणि डाएटचे जुने कागद आत्ताच एका फाइलमध्ये लावा. एंडोस्कोपीचा रिपोर्टही त्यातच ठेवा, दुसऱ्या सर्जनकडे जाताना तीच फाइल उघडायची आहे.