वाचक विचारतात : घरपट्टी, नळ आणि काळी माती

प्रश्न : वाढीव हद्दीतल्या कॉलनीत दोन वर्षांपूर्वी रो-हाऊस घेतलं. सातबाऱ्यावर नाव लागलं, घरपट्टी मात्र जुन्या मालकाच्याच नावाने येते. काय करावं?
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : तलाठ्याचा सातबारा, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका आणि नगरपरिषदेची कर आकारणी नोंदवही ही तीन वेगवेगळी दप्तरं. एकात नाव लागलं म्हणून दुसऱ्यात लागतंच असं नाही. मुख्याधिकाऱ्यांकडे हस्तांतरणाचा, म्हणजे घरपट्टीवरचं नाव बदलण्याचा, अर्ज द्या. सोबत नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा गोषवारा), ओळखपत्र आणि चालू वर्षापर्यंतची घरपट्टी-पाणीपट्टीची पावती. गाडी अडते ती या पावतीवर. जुन्या मालकाची बाकी निघते आणि तिच्यावर दरमहा 2 टक्के शास्ती चढत असते. थकबाकी नसल्याचा दाखला खरेदीआधीच मागायचा असतो. तो राहून गेला असेल, तर बाकी कुणी भरायची याबद्दल खरेदीखतात काय लिहिलंय ते आधी बघा.

आवक क्रमांक घेतला नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली या नोंदीला 15 दिवसांची मुदत आहे. ती उलटली की 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करता येतं. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ म्हणून मुदत वाढत नाही.

नवा उतारा मिळाला की नावाआधी क्षेत्रफळ वाचा. वाढीव हद्दीतल्या घरांचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 (तिथली घरपट्टीची नोंद) पालिकेच्या वहीत चढवताना फूट-मीटरची गल्लत होऊ शकते. 700 चौरस फूट म्हणजे 65 चौरस मीटर. आकडा चुकला की कर कैक पटींनी चुकतो. आणि घरपट्टीवर नाव असणं हा मालकीचा पुरावा नव्हे, खरेदीखत जपून ठेवा.

प्रश्न : नळ चार दिवसांनी येतो, सुरुवातीला पाणी गढूळ. शेजारी नळालाच मोटर लावतात. आमची जमिनीतली टाकी किती मोठी हवी?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : पाच माणसं, माणशी रोज 100 लिटर, चार दिवस : 2000 लिटर. मे महिन्यात मोठा कूलर रोज 40-50 लिटर सहज पितो, शिवाय पाळी एखादा दिवस लांबतेच. म्हणून 3000 धरा. आतून 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 1 मीटर पाण्याची खोली एवढ्यात ते मावतात.

खरी डोकेदुखी मातीची. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि त्या ओढाताणीत टाकीची भिंत तडकते, पीव्हीसी नळीचे सांधे निखळतात. टाकीखालची काळी माती काढून मुरूम भरा, थरावर थर धुम्मस करून. नळीखाली-वर वाळू घाला. नळी गटारीतून कधीच नेऊ नका. नळाला थेट मोटर लावली की नळीत पोकळी होते आणि फुटक्या सांध्यातून गटारीचं पाणी आत ओढलं जातं. कावीळ येते ती याच वाटेने. मोटर हवीच, पण टाकीनंतर. शेजाऱ्याबद्दल पाणीपुरवठा विभागाला लेखी कळवा. गढूळ पाणी आधी बादलीत सोडा, ते अंगणाला चालतं.

प्रश्न : कॉलनीच्या ओपन स्पेसला लेआउटवाल्याने तारेचं कुंपण घातलंय.
– एक वाचक, शहादा

उत्तर : नगररचना विभागातून मंजूर लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडल्याच्या नकाशाची, नक्कल घ्या. 0.4 हेक्टरवरच्या लेआउटमध्ये साधारण 10 टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. नकाशावर ती जागा दिसली, की नक्कल जोडून मुख्याधिकाऱ्यांकडे तक्रार करा. सह्या सगळ्या कॉलनीच्या घ्या.