'तापोपचार' म्हणजे तापावरचा उपचार की तापाने उपचार?

प्रश्न असा आहे : कॅन्सरच्या गाठीत सोन्याचे नॅनोकण सोडायचे, बाहेरून लेसर टाकून ते तापवायचे आणि त्या उष्णतेने गाठ नष्ट करायची, या 'फोटोथर्मल थेरपी'ला मराठीत काय म्हणावे? विचारणाऱ्यांना तीन शब्द सापडले आहेत : प्रकाश-औष्णिक उपचार, तापोपचार आणि प्रकाशदाह.

'तापोपचार' आधी बाद करू. मराठीत 'ताप' म्हटले की पहिल्यांदा थर्मामीटर आठवतो. शिवाय 'उपचार' शेवटी आला की समास दोन्हीकडे झुकतो. जलोपचारात पाण्याने उपचार होतो, दंतोपचारात दातांवर. तापोपचार ऐकणारा दुसराच अर्थ घेणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

'प्रकाशदाह'ही नको. दाह म्हणजे आग होणे, आणि वैद्यकात दाह म्हणजे सूज-लाली. त्यात हा शब्द ऐकून प्रकाशाने त्वचा भाजते असे वाटते. इथे नेमके उलटे आहे. वापरतात तो प्रकाश मुद्दाम असा निवडतात की तो त्वचेतून आणि रक्तातून फारसा न अडता आत जावा. साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात रक्तातले हिमोग्लोबिन आणि पाणी दोन्ही प्रकाश कमी शोषतात. कण मात्र तोच प्रकाश गटागटा पितात. सोन्यातले मुक्त इलेक्ट्रॉन त्या तरंगाबरोबर झुलू लागतात आणि ती ऊर्जा क्षणार्धात उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे प्रकाश स्वतः जाळत नाही, तो कणाला तापवतो आणि कण शेजारच्या पेशींना. कण नसतील तिथे हाच लेसर फार कमी तापवतो.

माझ्या मते चांगल्या प्रतिशब्दाने एवढी गोष्ट तरी सांगायला हवी. 'प्रकाश-औष्णिक' चुकीचा नाही, पण तो नुसता दोन विशेषणांची जोडी लावतो. कोण कोणाला तापवतो हे त्यातून कळत नाही, आणि 'औष्णिक'ला वीजकेंद्राचा वास येतो तो वेगळाच. म्हणून मी प्रकाशतापन सुचवेन. 'ताप' ही स्थिती, 'तापन' ही तापवण्याची क्रिया. तेवढ्या एका 'न'ने तापाचा घोटाळाही मिटतो. दुसरा फायदा असा की भावंडे आपोआप मिळतात : लोहाच्या ऑक्साइडचे कण बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापवतात ते चुंबकतापन. 'फोटोडायनॅमिक' उपचार यातून आपसूक वेगळा राहतो. तिथेही प्रकाशच असतो, पण तो औषधाला चेतवून ऑक्सिजनचे मारक रूप तयार करतो, उष्णतेचा तिथे संबंध नाही.

'किरण' शब्द मात्र यात आणू नये. किरणोपचार म्हटले की वाचक थेट रेडिएशनकडे जातो.

'प्रकाश'वरही एक आक्षेप येऊ शकतो. संस्कृत 'काश्' म्हणजे दिसणे, आणि हा प्रकाश बहुतांशी दिसतच नाही, तो अवरक्त असतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने आक्षेप बरोबर आहे, व्यवहारात मी सोडून देईन. 'अवरक्ततापन' कोण म्हणणार!

व्युत्पत्तीचा विषय निघालाच आहे तर : ग्रीक 'थर्मोस', फारसी 'गरम' आणि संस्कृत 'घर्म' ही एकाच मुळाची लेकरे. 'घर्म'चा प्राकृतात 'घम्म' झाला आणि मराठीत 'घाम'. 'फोटो'तला ग्रीक 'फोस' आपल्या 'भा', 'प्रभा', 'आभा' यांच्या नात्यातला. तेव्हा 'फोटोथर्मल' उलगडला तर हाती प्रभा आणि घाम येतात. प्रतिशब्द म्हणून अर्थातच निरुपयोगी, पण शब्द वाटतो तितका परका नाही.

आता क्रियापद. बातम्यांत 'गाठ जाळली' असे सर्रास लिहितात. खरे तर काही जळत नाही. ४२ ते ४५ अंश सेल्सिअसला पेशी बराच वेळ राहिल्या तर दुबळ्या होऊन मरू लागतात, ५०च्या बऱ्याच वर गेल्या की काही मिनिटांत त्यांतली प्रथिने साकळतात. याला मराठीत 'शिजणे' हे चपखल क्रियापद आहे. रुग्णाच्या नातेवाइकांसमोर ते कानाला बरे लागणार नाही, हे मान्य. तिथे 'उष्णतेने गाठ नष्ट केली' पुरे.

'नॅनो'ला 'अतिसूक्ष्म' म्हणू नये, जिवाणूही अतिसूक्ष्मच असतात. 'अब्जांश' काटेकोर आहे, कारण नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भागच. पण 'नॅनोकण' आता रुळला आहे, तो राहू द्या. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात २००३च्या सुमारास ज्यांच्यावर गाजलेले काम झाले, आणि पुढे ज्यांच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९मध्ये आले, त्या 'नॅनोशेल'ना मात्र नुसते 'सोन्याचे कण' म्हणू नका. त्यांच्या पोटात सिलिका असते, सोने फक्त वरून. 'सुवर्णकवची कण' म्हणा.