पावसाळ्यात मधमाश्यांच्या पेटीची काळजी कशी घ्यावी? मधाला फेस का येतो?

मुलुंडच्या गच्चीवर सातेरीची (पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) पेटी आणि मे महिन्यात काढलेल्या मधाला आता फेस, असं तुम्ही लिहिलंय. मुंबईत माश्यांचा पडता काळ, म्हणजे फुलं कमी मिळण्याचा काळ, हा पावसाळा. बर्फाळ देशांतले थंडीचे सल्ले सोडून द्या.

पेटी माश्यांच्या ये-जा करण्याच्या दाराकडे किंचित झुकती ठेवा, पाणी आत साचणार नाही. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत (पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर डासांवरून सोसायटी ओरडेल). साखर-पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आतच द्या. माश्या नसलेल्या रिकाम्या फ्रेम (पोळ्याच्या चौकटी) काढून घ्या, मेणकिडा (पोळं खाणारी पतंगाची अळी) तिथेच शिरतो. पेटीच्या तळफळीवर काळे बारीक कण आणि पोळ्यात रेशमी जाळी दिसली, तर तो शिरलाच समजा.

फेसासोबत आंबूस वास असेल तर मध आंबतोय. बहुधा पोळ्याच्या घरांवर माश्यांनी मेणाची झाकणं घालण्याआधीच काढला असावा. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं की हा धोका वाढतो, त्यात आपली दमट हवा. उघडा मध ओलावा ओढतोच. पुढच्या वेळी झाकलेल्याच फ्रेम घ्या आणि कोरड्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा. फ्रिज नको, तिथे मध थिजतो. आंबलेला मध माश्यांना मात्र परत देऊ नका.