सर्व्हर न ठेवता मित्रांसाठी पीअर-टू-पीअर चॅट नेटवर्क कसं उभारू? राउटरमध्ये पोर्ट उघडावं लागेल का?

सहा जणांसाठी, मध्ये कोणाचाही सर्व्हर न ठेवता गप्पा मारायची सोय हवी, असं तुम्ही लिहिलंय. मी रेट्रोशेअर हा चॅटचा प्रोग्राम सुचवीन. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं, मोफत आहे, सोर्स कोड खुला आहे आणि २००६ पासून वापरात आहे. यात दोघांनीही एकमेकांना मित्र म्हणून स्वीकारल्याशिवाय त्यांचे संगणक थेट जोडलेच जात नाहीत. तुमच्यासारख्या छोट्या गटाला नेमकं हेच हवं असतं.

इन्स्टॉल करणं सोपं आहे. पहिल्यांदा उघडलं की नाव आणि पासवर्ड देऊन प्रोफाइल बनवायचं, मग प्रोग्राम तुम्हाला एक सर्टिफिकेट, म्हणजे तुमची ओळख सांगणारा मजकूर, देतो. हा मजकूर तुम्ही मित्राला पाठवायचा, मित्राने त्याचा तुम्हाला, आणि दोघांनी तो आपापल्याकडे जोडायचा. त्यात तुमचा आयपी पत्ता असू शकतो, तेव्हा तो चव्हाट्यावर टाकू नका. आणि मिळालेलं सर्टिफिकेट खरंच मित्राचं आहे ना, हे फोनवर फिंगरप्रिंटची, म्हणजे सर्टिफिकेटची ओळख पटवणाऱ्या छोट्या संकेताची, अक्षरं वाचून ताडून पाहा. बहुतेक जण ही पायरी गाळतात. पण वाटेत कोणी सर्टिफिकेट बदललं असेल तर पुढचं सगळं एन्क्रिप्शन (संदेश कुलूपबंद करणं) त्या तिसऱ्या माणसाशी होतं, आणि स्क्रीनवर काहीच वेगळं दिसत नाही.

आता पोर्टचं, म्हणजे कनेक्शन आत घेणाऱ्या क्रमांकाच्या दाराचं. खरी अडचण इथेच येते. राउटर बाहेर जाणारं कनेक्शन सहज सोडतो, पण बाहेरून आलेलं कनेक्शन घरातल्या कोणत्या संगणकाला द्यायचं हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो ते टाकून देतो. त्यामुळे दोघांपैकी एक जरी बाहेरून पोहोचण्याजोगा असला तरी काम होतं. सगळ्यांनी पोर्ट उघडायची गरज नाही. राउटरमध्ये यूपीएनपी (प्रोग्रामला स्वतः पोर्ट उघडू देणारी सोय) चालू असेल तर रेट्रोशेअर पोर्ट स्वतःच उघडून घेतं. नसेल तर राउटरमध्ये तुमच्या संगणकाला कायमचा स्थानिक पत्ता द्या, रेट्रोशेअरच्या सेटिंगमध्ये दिसणारा पोर्ट क्रमांक टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्हींसाठी त्या पत्त्याकडे फॉरवर्ड करा.

एवढं करूनही जमलं नाही तर राउटरच्या स्टेटस पानावरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमची इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आहे, आणि मग तुमच्या राउटरमध्ये काहीही बदललं तरी उपयोग नाही. अशा वेळी नोड (नेटवर्कमधलं तुमचं टोक) बनवतानाच टॉरवरचा, म्हणजे कनेक्शन अनेक संगणकांतून फिरवून पत्ता लपवणाऱ्या नेटवर्कवरचा, छुपा नोड निवडा. टॉरमध्ये दोन्ही बाजूंची कनेक्शन बाहेरच जातात, त्यामुळे पोर्टचा प्रश्नच उरत नाही आणि मित्रांनाही तुमचा आयपी कळत नाही. वेग मात्र कमी होतो. मजकुराला काही फरक पडत नाही, मोठ्या फाइलींना पडतो.

सहा जणांच्या पंधरा जोड्या होतात, त्या शक्यतो सगळ्याच जोडा. चॅट रूममधला संदेश मित्राच्या मित्रापर्यंत पोहोचतो खरा, पण ज्या एकाच मित्रामार्फत दोघं जोडलेले आहेत त्याचा संगणक बंद झाला की रूमचे दोन तुकडे पडतात. शिवाय रात्री सगळेच संगणक बंद असतील तर नेटवर्क नाहीच, हे आधी मान्य करायला हवं. कोणाकडे जुना लॅपटॉप पडून असेल तर तो सतत चालू ठेवा. नंतर वाचायच्या गोष्टी चॅटऐवजी रेट्रोशेअरच्या फोरममध्ये लिहा. तिथल्या नोंदी सदस्यांच्या संगणकांवर साठतात आणि उशिरा आलेल्यालाही मिळतात.

दोघांनाच बोलायचं असेल, व्हिडिओ कॉलही हवा असेल, तर टॉक्स हे सर्व्हरशिवायच चालणारं दुसरं चॅट हलकं पडतं. त्यात ७६ अक्षरांचा आयडी दिला की झालं.

आणि प्रोफाइलची प्रत आजच पेनड्राइव्हवर काढा. पासवर्ड विसरलात किंवा डिस्क गेली तर नवा पासवर्ड देणारं इथे कोणी नाही. सगळ्या मित्रांशी सर्टिफिकेटची देवाणघेवाण पुन्हा करावी लागेल.