पायाची सूज उतरली, पण वजन केलंत का?

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही अशा रुग्णांच्या घरून तेच ते प्रश्न येत राहतात. या वेळी पाच घेतले आहेत.

लघवीच्या गोळीनंतर बाबा सारखे उठतात. गोळी बाधतेय का?

नाही, काम करतेय, अंगात साठलेलं पाणी बाहेर काढतेय. रात्री घेत असतील तर वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

आईला मधुमेह नाही, तरी डापाग्लिफ्लोझिन दिलंय. मेडिकलवाला म्हणतो, ही तर शुगरची गोळी.

हार्ट फेल्युअरमध्ये मधुमेह नसतानाही देतात. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, काउंटरवर नको.

सिस्टर, औषध लागू पडतंय हे घरी कसं ओळखायचं? सासऱ्यांच्या पायाची सूज तर उतरलीय.

चांगलं झालं, पण नुसत्या पायांवर विसंबू नका. पाय सुजलेले दिसेपर्यंत अंगात काही लिटर पाणी साठलेलं असू शकतं. काट्यावर ते आधी कळतं: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, घरच्या त्याच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. महिन्यातून एकदा स्टेशनवरच्या मशीनचं तिकीट आणून दाखवतात, त्याचं मी काय करू? दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी कळवा. गणपती उरकू देत, मग बघू, असं म्हणणारेच पुढे रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत भेटतात. वजन भराभर उतरलं, उभं राहताच चक्कर आली, लघवी कमी झाली, तरीही फोन करा. लघवीची गोळी जास्त होत असेल. वजनाशेजारी रात्री दम लागू नये म्हणून डोक्याखाली किती उशा लागल्या आणि जिन्यात कुठे थांबावं लागलं, तेही लिहा. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) मात्र काट्यावर दिसत नाहीत, रक्ततपासणीची तारीख चुकवू नका. आणि वही बघून गोळी कमी-जास्त करणं डॉक्टरांचं काम, तुमचं नव्हे.

कमी सोडियमचं मीठ आणलंय. चालेल?

डॉक्टरांना पाकीट दाखवल्याशिवाय नको. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. पुढे हृदयाचं चित्र ठळक, हे मात्र मागे बारीक अक्षरांत! हार्ट फेल्युअरमध्ये देतात ती स्पायरोनोलॅक्टोन किंवा रॅमिप्रिल ही औषधं चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून ठोके बिघडू शकतात. साधंच मीठ कमी घाला, पापड-लोणचं ताटातून काढा.

मेटोप्रोलॉल ही हृदयाची गोळी सुरू केल्यापासून यांना थकवा आहे. शेजारी म्हणतात, बंद करा.

अचानक बंद करणं धोक्याचं आहे. सुरुवातीला थकवा येऊ शकतो, फायदा दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. थकवा डॉक्टरांच्या कानावर घाला. नाडी ५० च्या खाली गेली, दम वाढला किंवा चक्कर आली, तर लगेच. शेजाऱ्यांना चहा द्या.