पळीला तडा का गेला

भाच्या,

परवा रात्री पावणेदोनला टाकलेला तुझा मेसेज मी सकाळी पाहिला. ‘मामा, लाकूड तासलं की डोकं शांत होतं म्हणाला होता. माझं झालं नाही. पळी पण तडकली.’ खाली फोटो. तिथंच दोन ओळी खरडता आल्या असत्या, पण फोनवरचं तू वाचतोस आणि बोटानं वर सरकवून टाकतोस. म्हणून कागद घेतला.

आधी पळीचं. तडा वाटीतून सरळ दांड्यात उतरलाय, आणि तो जिथं सुरू होतो तिथं एक गडद ठिपका आहे, बघ. ते भेंड. फांदीच्या ऐन मध्यावर असतं. तू फांदी उभी फोडलीस ते बरोबर, पण चीर मधोमध गेली नाही आणि भेंड अख्खं तुझ्याच फाळीत राहिलं. ओलं लाकूड वाळताना आक्रसतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. वाढीच्या वर्तुळांच्या अंगानं जेवढं आक्रसतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास भेंडाकडून सालीकडं. ही ओढाताण कुठंतरी सुटावी लागते. भेंड तासून काढलं असतं तर लाकूड थोडं वाकून मोकळं झालं असतं. आत ठेवलंस, मग फाटण्याशिवाय त्याला वाट राहिली नाही. वरून ती तू मेच्या उन्हात गच्चीवर ठेवलीस! पुढच्या वेळी तिच्याच ढलप्यांत घालून वर्तमानपत्रात गुंडाळ आणि खाटेखाली सरकव. चार दिवसांनी घरातल्या वजनकाट्यावर ठेवून आकडा लिही, मग रोज. वजन उतरायचं थांबलं की वाळली समज. पाऊस सुरू झाल्यावर मात्र गुंडाळलेलं लाकूड बुरसतं, तेव्हा उघड्या हवेत, सावलीत.

तेल लावायचं ते जवसाचं. आईच्या स्वयंपाकातलं शेंगतेल नको. ते कधी सुकत नाही, चिकट राहतं आणि पुढं खवट वास मारतं. जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं. तेलानं भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस, पसरून वाळव. आपोआप तापून पेटतं ते, अतिशयोक्ती करत नाही.

आता डोक्याचं. ‘शांत होतं’ असं मी म्हणालो असेन तर ते वाक्य मागं घेतो. मंदिराच्या पायरीवर बसल्यासारखं काही होत नाही. होतं ते एवढंच, की हातात धारदार चाकू असला की लक्षाला दुसरीकडं जायची सोय राहत नाही. त्या रविवारी माझ्याकडं पळी कोरताना पहिल्या तासात तू अकरा वेळा फोन पाहिलास. मी मोजले, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग काय. मग दांड्यातली गाठ लागली. लाकडाची शीर कुठं उलटते ते तू हातानं चाचपायला लागलास, आणि पुढची चाळीस मिनिटं तुझ्या परीक्षेच्या रिझल्टचं नाव निघालं नाही. चाळीस मिनिटं, बस्स. नंतर तू पुन्हा तेच बोलायला लागलास. पण दिवसभर एकच घाणा फिरत असताना चाळीस मिनिटं बैल सोडला, हे मला कमी वाटत नाही.

माझं सांगतो, कारण तुला वाटतं मामाला हे सगळं आपसूक जमतं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ आहे. माझी लाकूडकामाची शेड चार दिवस पाण्याखाली होती. दहा-बारा वर्षं वाळवलेला शिसव आणि साग फुगून गेला, काही फळ्या तर कुठं गेल्या कळलंच नाही. पाणी ओसरल्यावर मी दोन महिने शेडचं दार उघडलं नाही. लोक येऊन धीर द्यायचे, मला त्याचा रागच यायचा. शेवटी तुझ्या मामीनं गंजलेल्या पटाश्यांची पेटी माझ्यापुढं आणून ठेवली आणि एक शब्द न बोलता आत गेली. महिनाभर मी फक्त गंज काढला. रॉकेल, चिंधी, सहाण. एक वस्तू केली नाही. तुला कुणी ‘काहीतरी मोठं कर, म्हणजे बरं वाटेल’ असं सांगत असेल तर ऐकू नकोस. धार लावणं हेही काम आहे.

आणि बाहेर पड. २०१९ सालीच इंग्लंडातल्या जवळपास वीस हजार लोकांचा एक अभ्यास छापून आला होता: आठवड्यात १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. एकदम दोन तास असोत की तुकड्यातुकड्यानं, फरक दिसला नाही. यावरून झाडांनी माणूस बरा होतो असं सिद्ध होत नाही. ज्यांना बरं वाटतं तेच जास्त बाहेर पडत असतील. पण दोन तासांचा हिशेब तुला परवडण्यासारखा आहे. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खायला जातोस, ते यात धरू नकोस. पहाटे साडेपाचला जा, कानात काही न घालता.

नुसतं चालायला कंटाळा येतो, हे मला मान्य आहे. म्हणून झाडं ओळखायला जा. बाभूळ ओळखता येते? माझे वडील तिचेच कुळव आणि गाडीची चाकं करायचे, आणि तिचीच साल कातडं कमवायला जायची. ज्या कोल्हापुरी चपलेचा आपल्याला एवढा अभिमान, ती हिरडा आणि बाभळीच्या सालीवर तयार झाली. शिवण ओळख, कोरायला तिच्यासारखं गुणी लाकूड नाही. कण्हेर ओळख, कारण तिची काडीसुद्धा ताटाजवळ आणायची नाही, विषारी आहे. बिब्ब्याला हात लावू नकोस, चिकानं अंग फुटतं. आंब्याच्या चिकानंही काहींना खाज सुटते, तेव्हा काम झालं की कोपरापर्यंत हात धू.

पाऊस स्थिरावला की मसाई पठारावर जाऊ. जुलैत पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडं जाणारी पोरं तिथूनच जातात, पण मला तो गलका सोसत नाही. आपण मधल्या वारी जाऊ. दाजीपूर दिवाळीनंतर. तिथं गवा दिसेल न दिसेल, पण एक ध्यानात ठेव: अभयारण्यातली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. कायदा आहेच, शिवाय त्या काटकीखाली कुणाचं तरी घर असतं. आपल्याला लाकूड वळवानं पडलेल्या फांद्यांचं किंवा गल्लीत छाटणी झालेलं, मालकाला विचारून.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी पळीच्या गप्पांत दडवणार नाही. पावणेदोनला तू जागा होतास. तुझे बाबा म्हणतात, ‘लई दिवस झालं, पोरगं झोपत न्हाई.’ झोप आणि जेवण असंच तुटत राहिलं, किंवा जगायचं कशाला असा विचार एकदा जरी आला, तर ते काम चाकूचं नाही आणि माझंही नाही. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. मला त्याआधी किंवा त्यानंतर कधीही उठव. दोनला उठव, तीनला उठव. डॉक्टरकडं जायचं ठरलं तर बरोबर मी येतो, बाहेर बाकावर बसेन, काही विचारणार नाही. आणि त्या दिवसांत चाकू माझ्याकडं आणून ठेव.

तुझ्या त्या फांदीचा उरलेला तुकडा मी टाकला नाही. ओला राहावा म्हणून बादलीत बुडवून ठेवलाय. मामी दोनदा विचारून गेली की बादली कधी मोकळी होणार. रविवारी साडेसहाला ये, ऊन चढायच्या आत. फुलबाह्यांचा शर्ट नको, बाही धारेत येते. यावेळी फोडायच्या आधी टोकावर कोळशानं रेघ मारू, भेंडातून बरोबर. फुटलेली पळी पण आण. तडा पोचला नाही तेवढा दांडा धड आहे, मामीला मिठाच्या बरणीत चमचा हवाय.

तुझा,
मामा